पूडल: केसांच्या आतला कुत्रा

(कशेडी इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय ऐकून काही जणांना गंमत वाटली असेल. कशेडीत आणि पूडल? आपल्याकडे कुत्रा म्हणजे अंगणात राहणारा, रात्री भुंकणारा, भाकरीच्या तुकड्यावर वाढणारा. कुरळ्या केसांचा, गोंड्याच्या शेपटीचा तो परदेशी कुत्रा सिनेमात नाहीतर मोबाईलवर बघायचा. पण गेल्या काही वर्षांत काय झालंय, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघताय. २०२३ च्या गणपतीत घाटातला बोगदा पहिल्यांदा गाड्यांना खुला झाला. मुंबई-पुण्याचे चाकरमानी सणाला येतात, आणि मागच्या सीटवर मुलांच्या मांडीवर एखादं कुत्रं असतं. बऱ्याचदा लॅब्रॅडोर, कधी शिह त्झू, आणि आता कधी कधी पूडल.

तोवर ठीक आहे. अडचण पुढे होते. शहरात दोघंही नोकरीला जातात, सोसायटीत तक्रारी होतात, मुलांची दहावी-बारावी येते. मग कोणीतरी म्हणतं, "गावाला आई-बाबा आहेत, अंगण आहे, तिकडे ठेवूया." आणि ते कुत्रं साठी-सत्तरीच्या माणसांच्या गळ्यात पडतं. आई-बाबांना नाही म्हणवत नाही, आणि कुत्र्याला तर कोणी विचारतच नाही. म्हणून हा कुत्रा नेमका आहे तरी काय, तो आपल्या हवेत कसा राहील, आणि त्याला घरात घेण्याआधी काय विचार करावा, हे आज नीट समजून घेऊ.

मुळात हा पाण्यातला कुत्रा

पूडल म्हटलं की श्रीमंत बाईच्या कडेवरचं खेळणं डोळ्यांसमोर येतं. पण त्याचं नावच वेगळं सांगतं. 'पूडल' हा शब्द जर्मन 'पुडेल'वरून आला आणि त्याचा संबंध पाण्यात डुबुकडुबुक करण्याशी आहे. फ्रेंच लोक त्याला 'कानिश' म्हणतात, त्यात बदकासाठीचा शब्द दडलेला आहे. शिकाऱ्याने बदक पाडलं की थंडगार पाण्यात उडी मारून ते तोंडात धरून आणायचं, हे याचं मूळ काम. आज फ्रान्स त्याला आपला राष्ट्रीय कुत्रा मानतो, पण जन्म जर्मनीतला की फ्रान्सचा, हा वाद जुना आहे.

आता ती हजामत. मागचा भाग तासलेला, छातीवर आयाळ, पायांच्या सांध्यांवर गोंडे. ही फॅशन कामातून आली. केस भिजले की जड होतात आणि पोहताना कुत्रा दमतो. म्हणून मागचे केस काढायचे. पण छाती आणि सांधे गारठू नयेत म्हणून तिथले ठेवायचे. पुढे कुत्रा दिवाणखान्यात आला, काम संपलं, पण हजामत तशीच राहिली.

हा कुत्रा नाजूकच असतो असंही नाही. इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाच्या बाजूने लढणाऱ्या राजपुत्र रूपर्टचा 'बॉय' नावाचा पूडल जातीचा शिकारी कुत्रा होता. तो १६४४ साली मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला. चर्चिलच्या घरी 'रूफस' नावाचा पूडल होता. सर्कशीत कसरती करायला, जमिनीखालची ट्रफल नावाची महागडी बुरशी हुंगून काढायला पूडल वापरले गेले. अमेरिकेतल्या नोंदणीत १९६० पासून १९८२ पर्यंत सलग पहिला क्रमांक याच जातीचा होता.

प्रकार किती?

जात एकच, फरक मापाचा. माप घ्यायचं ते मान जिथे पाठीला मिळते तिथून जमिनीपर्यंत. युरोपातली 'एफसीआय' ही आंतरराष्ट्रीय संस्था चार प्रकार मानते. स्टँडर्ड ४५ ते ६० सेंटिमीटर. मीडियम ३५ ते ४५. मिनिएचर २८ ते ३५. आणि टॉय २८ च्या खाली. अमेरिकेत तीनच प्रकार: ३८ सेंटिमीटरच्या वर तो स्टँडर्ड, २५ ते ३८ मिनिएचर, आणि २५ च्या आत टॉय. वजनाचं म्हणाल तर टॉय साधारण दोन-तीन किलो, मिनिएचर पाच-सात किलो, आणि स्टँडर्ड वीस ते तीस किलो. म्हणजे एक आपल्या कोंबडीएवढा, आणि दुसरा चांगल्या वाढलेल्या बोकडाएवढा. दोघांची जात एकच.

हे कसं होतं? २००७ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की लहान जातींच्या कुत्र्यांमध्ये वाढीशी संबंधित एका जनुकाचा विशिष्ट प्रकार आढळतो. माणसाने पिढ्यानपिढ्या लहानातला लहान निवडत नेला आणि तो प्रकार पक्का होत गेला.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. 'टीकप पूडल' म्हणून पिल्लं विकली जातात, चहाच्या कपात बसणारी. असा कुठलाही मान्य प्रकार नाही. ते विकणाऱ्याने दिलेलं नाव आहे. टॉयच्या पिल्लांनाच मुळात जेवण लांबलं तर रक्तातली साखर उतरून फेफरं येऊ शकतं. त्याहून बारीक पिल्लू म्हणजे हाडं नाजूक, दात दाटलेले, आणि सोफ्यावरून उडी मारली तरी पाय मोडायची भीती.

रंग बरेच: काळा, पांढरा, तपकिरी, राखाडी, जर्दाळूसारखा पिवळसर, लालसर. रंगाने स्वभाव बदलत नाही. 'लाल दुर्मीळ आहे' म्हणून कोणी जास्त पैसे मागितले, तर ते पैसे फक्त रंगाचे आहेत हे ध्यानात ठेवा.

खरा विषय केसांचा

लोक पूडल घेतात त्याचं मोठं कारण, "याचे केस गळत नाहीत." हे अर्धं खरं आहे. आपल्या गावठी कुत्र्याचा केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतो, मग गळतो, मग नवा येतो. पूडलचा केस आपल्या डोक्याच्या केसासारखा वाढतच राहतो. गळणारा केसही बाहेर न पडता कुरळ्यांत अडकून बसतो. तुमची सतरंजी स्वच्छ राहते, पण सगळा कचरा कुत्र्याच्या अंगावर साठतो. विंचरलं नाही तर तिथे जटा होतात. जटा कातडीला ओढतात, आत हवा जात नाही, ओल राहते, खाज सुटते, जखमा होतात. आणि वरून कुत्रा छान गुबगुबीत दिसतो! म्हणून म्हणतो, केसांच्या आतला कुत्रा हाताने चाचपून बघावा लागतो.

आता दुसरा समज: "पूडलची ॲलर्जी येत नाही." ॲलर्जी केसाने येत नाही. ती कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांनी येते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१२ साली वेगवेगळ्या जातींचे केस आणि त्या कुत्र्यांची घरं तपासली. ज्यांना 'ॲलर्जीमुक्त' म्हणतात त्यांच्यातही ते प्रथिन कमी असल्याचा पुरावा मिळाला नाही. ऑस्ट्रेलियातली गोष्ट तर बोलकी आहे. १९८० च्या दशकात हवाईतल्या एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता, पण नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी. वॉली कॉनरन यांनी लॅब्रॅडोर आणि पूडलचा संकर केला. झालेल्या पिल्लांपैकी एकच त्या नवऱ्याला चाललं. म्हणजे भाऊ-बहिणींतसुद्धा फरक! पुढे 'लॅब्रॅडूडल'चा बाजार झाला, आणि कॉनरन यांनीच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. तेव्हा घरात कोणाला दमा असेल, तर विकत घेण्याआधी त्या माणसाला त्याच कुत्र्याजवळ चार-पाच वेळा बसवून बघा. जातीच्या नावावर विसंबू नका.

आणि आता आपला पाऊस. पोलादपूर-महाड पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत आपले कपडे वाळत नाहीत, चुलीवर दांडी बांधून वाळवावे लागतात. मग पूडलचे केस कसे वाळणार? पाण्यातला कुत्रा आहे, भिजायला त्याची हरकत नाही. प्रश्न वाळण्याचा आहे. अलास्कात जॉन सटर नावाच्या माणसाने १९८८ साली बर्फावरच्या हजार मैलांच्या शर्यतीत स्लेजला चक्क पूडल जुंपले होते. ताकद कमी पडली नाही, पण पायांच्या केसांत बर्फाचे गोळे अडकले. आपल्याकडे बर्फाच्या जागी चिखल, कुसळं आणि गोचीड!

उपाय सोपा आहे: आगोटीच्या आधी केस बारीक करून घ्या. अगदी कातडीपर्यंत नाही, बोटभराहूनही कमी, सगळीकडे सारखे. प्रदर्शनातली हजामत प्रदर्शनात. रोज विंचरा, आणि भिजला की टॉवेलने टिपून पूर्ण वाळवा. कान लोंबते आणि आत केस, त्यामुळे पावसाळ्यात कान हमखास वाहतात. वास आला, कुत्रा डोकं झटकायला लागला, की डॉक्टरांना दाखवा. तेल, हळद, काही घालू नका.

एक हिशेब मांडतो. रोज वीस मिनिटं विंचरायला धरा. वर्षाचे झाले एकशे एकवीस तास. लहान पूडल चौदा वर्षं सहज जगतो. म्हणजे सतराशे तास. आठ तासांचा दिवस धरला तर दोनशेहून जास्त दिवस नुसते विंचरण्याचे! शिवाय दर सहा-आठ आठवड्यांनी कापणं. हे कोण करणार, हा प्रश्न कुत्रा आणण्याआधी विचारायचा. आईचे गुडघे दुखतात, ती जमिनीवर बसू शकत नाही, तर ती करणार नाही. तिला दोष देऊ नका.

हुशारी आणि स्वभाव

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरन यांनी १९९४ मध्ये कुत्र्यांच्या हुशारीवर पुस्तक लिहिलं. आज्ञापालनाच्या स्पर्धांच्या परीक्षकांना विचारून त्यांनी जातींचा क्रम लावला. बॉर्डर कॉली पहिला, पूडल दुसरा. पण ही हुशारी म्हणजे माणसाचं सांगणं चटकन उचलणं. असा कुत्रा चांगलं लवकर शिकतो, तसं वाईटही लवकर शिकतो. भुंकलं की पोळी मिळते, हे त्याला दोन दिवसांत कळतं.

पूडल माणसाला चिकटून राहतो. दिवसभर एकटा ठेवला तर भुंकतो, सामान कुरतडतो, स्वतःचे पाय चाटत बसतो. साखळीने पडवीत बांधून ठेवायचा हा कुत्रा नव्हे. आकार लहान म्हणून व्यायाम नको, असंही नाही. टॉयलाही रोज फिरवावं लागतं, आणि स्टँडर्डला तर चांगलं तासभर धावायला हवं. घरात माणूस असेल, गप्पा मारणारं कोणी असेल, लपवलेली वस्तू शोधायला लावणारी मुलं असतील, तर याच्यासारखा सोबती नाही. हेही तितकंच खरं आहे. मी तुम्हाला पूडलपासून पळवायला आलेलो नाही.

घेताना काय बघायचं

लहान पूडलमध्ये गुडघ्याची वाटी सरकणं, दात लवकर खराब होणं, आणि डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार दिसतो. त्यात आधी रात्रीचं दिसेनासं होतं. मोठ्यात खुब्याचा सांधा, पोटात पीळ पडणं, आणि ॲडिसन नावाचा ग्रंथींचा आजार. पोट फुगलं, ओकारी येतेय पण पडत नाही, असं झालं तर सकाळपर्यंत थांबू नका. तास-दोन तासांचा खेळ असतो.

२०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणून तीन गोष्टी मागा. नोंदणीचा कागद. लसीकरणाची नोंद. आणि पिल्लाची आई बघायला मिळाली पाहिजे. हायवेच्या कडेला गाडीतून आणून दिलेलं पिल्लू, "आई गावाला आहे" असं सांगितलं, तर तिथूनच परत फिरा. आईला बघितलंत की पिल्लाचं अर्धं भविष्य कळतं.

फॅशनचा फटका आपण एकदा पाहिलाय. २००३ साली मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत एक पग आला आणि देशभर पगची लाट आली. चपट्या नाकाचा तो कुत्रा आपल्या उन्हाळ्यात धापा टाकतो, हे लोकांना नंतर कळलं. पूडलचं नाक लांब आहे, श्वासाचा तो त्रास त्याला नाही. पण मोबाईलवर बघून घेण्याची सवय तीच आहे.

आपल्या रानातले धोके

एक, गोचीड. कुरळ्या केसांत दिसतच नाहीत. गोचिडीच्या तापाने कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी लघवी लाल होते. बोटांनी रोज चाचपा: कानामागे, बगलेत, बोटांच्या बेचक्यात. दोन, लेप्टो. उंदराच्या मुतातून साठलेल्या पाण्यात जातो, कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. त्याची लस वार्षिक लसीत असते का, ते विचारून घ्या.

तीन, बिबट्या. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याची विष्ठा तपासली, तर वजनाच्या हिशेबाने त्याच्या खाण्यात जवळजवळ ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. आपला घाट काही वेगळा नाही. तीन किलोचा पूडल रात्री अंगणात ठेवणं म्हणजे ताट वाढून ठेवणं. संध्याकाळ झाली की तो घरात.

चार, आणि सगळ्यात महत्त्वाचं, रेबीज. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की लस, मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. "आमचा घरातच असतो" हे कारण चालत नाही. आणि कोणताही कुत्रा चावला, अगदी घरचं पिल्लू खेळताना दात लावून गेलं तरी, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. चुना, मिरची, मंत्र, काही नाही. लक्षणं दिसल्यावर या रोगाला औषध नाही. त्याआधी लस आहे, आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

आणि आपला गावठी?

रायगड आपल्या महाड तालुक्यात. गडावर वाघ्याचा पुतळा आहे. त्याच्या इतिहासावर वाद आहेत, ते इतिहासकारांनी बघावं. पण इमानी कुत्र्याची गोष्ट आपल्या लोकांना जवळची वाटते, एवढं त्यातून कळतं. महाराष्ट्रात कारवान आहे, लांब केसांचा पश्मी आहे. शेजारच्या कर्नाटकातल्या मुधोळ कुत्र्यावर २००५ मध्ये टपाल तिकीटही निघालं. आणि वाडीतला गावठी तर आहेच. आखूड केस, झटकला की वाळला. या हवेत पिढ्या काढलेला. त्याला लस दिली, नसबंदी केली, दोन वेळ खायला दिलं, तर तो तुमच्याकडे फार काही मागत नाही. कुत्रा हवाय एवढंच असेल, तर तो दारात आहे. पूडलच हवा असेल, तर पूडलचं सगळं करायची तयारी हवी.

श्रोत्यांचे प्रश्न

*एक काका: मुलाने टॉय पूडल आमच्याकडे ठेवलाय. आता काय करू?*

काका, आधी त्याचे केस पूर्ण बारीक करून घ्या. जटा असतील तर कात्रीने कापू नका, कातडी कापली जाते. मशीनने काढायला लावा. मग मुलाशी हिशेब बोला: महिन्याचं कापणं, लस, औषध, गाडीभाडं त्याचं, आणि रोजचं विंचरणं तुमचं. केस आखूड असले की पाच-सात मिनिटांत होतं. तेही जमत नसेल, तर स्पष्ट सांगा. कुत्र्याला दुसरं चांगलं घर बघणं यात कमीपणा नाही. घाटात सोडून देणं हा मात्र गुन्हा आहे, कायद्यानेही.

*एक ताई: आम्ही मासे, भात खातो. त्याला तेच चालेल?*

भात, अंडं, काटे काढलेला मासा चालेल, पण नुसत्या भातावर भागत नाही. मीठ-मसाला नको. कांदा, द्राक्षं-मनुका, चॉकलेट कधीच नाही. सुक्या मासळीत मीठ फार, ती नको. आणि टॉयच्या पिल्लाला उपाशी ठेवू नका. थोडं थोडं, दिवसातून चार वेळा.

*एक विद्यार्थिनी: मग या भागासाठी कुठला प्रकार बरा?*

घरात जागा आणि फिरवणारं तरुण माणूस असेल तर मिनिएचर. टॉयपेक्षा दणकट, स्टँडर्डपेक्षा आवरायला सोपा. पण बाळा, प्रकार निवडण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसव आणि विचार: रोजची वीस मिनिटं कोणाची? एकाने तरी हात वर केला पाहिजे, आणि तो हात आजीचा नसावा.